कोणत्या पायावर?

मार्गशीर्षातल्या एका पहाटे, पुण्याच्या पूर्वेकडील एका उघड्या मैदानावर धुके अजून जमीन धरून बसलेले असताना, ज्या विद्येत आपण बऱ्यापैकी मुरलेल्या आहोत अशी माझी वीस वर्षांची समजूत होती, त्या विद्येचा श्रीगणेशा मला वयाच्या ४२ व्या वर्षी पुन्हा गिरवावा लागला, आणि तो गिरवून घेणाऱ्या गृहस्थांनी आरंभी काय केले म्हणाल, तर माझ्या खोगिराच्या दोन्ही रिकिबी काढून घेतल्या, लगामाला गाठ मारून तो घोडीच्या मानेवर टाकून दिला, तिच्या मुखपट्ट्याला एक लांब दोरी जोडली आणि ती हातात धरून मैदानाच्या मध्यभागी उभे राहत ते मला म्हणाले, "ताई, आता काही करू नका. नुसत्या बसा."

रिसालदारसाहेब मूळचे सातारा जिल्ह्यातले. उमेदीची सारी वर्षे घोडदळात काढून निवृत्त झालेले. बोलणे घरगुती मराठी, परंतु घोड्याजवळ गेले की जिभेवर आपोआप फौजेची हिंदुस्थानी चढे, आणि 'नजर सामने' व 'एडी नीचे' हे दोन हुकूम ते इतक्या सौम्य स्वरात देत की ऐकणाऱ्याला ते हुकूम न वाटता आठवण वाटावी. माझी स्वारी लहानपणी माथेरानच्या तांबड्या वाटांवर भाड्याच्या तट्टावर सुरू झाली होती. पुढे शिक्षणाच्या आणि नोकरीच्या काळात जिथे घोडा मिळेल तिथे मी बसत गेले. भरधाव सोडता येई, कमरेएवढे कुंपण ओलांडता येई, बुजलेले जनावर आवरता येई. आवरता येणे हीच या विद्येची परिसीमा, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. नुसते बसता येत नाही, हे मात्र त्या पहाटे घोडी दुडकीवर आल्याबरोबर पहिल्या फेरीतच सिद्ध झाले.

'मांड पक्की असणे' असे आपण म्हणतो, आणि मांड म्हणजे मांड्यांची पकड, असा अर्थ बहुतेकांप्रमाणे मीही करीत आले होते. परंतु स्वाराने मांड्या आवळल्या की घोड्याच्या पाठीचे स्नायू ताठरतात, ताठरलेली पाठ स्वाराला अधिक उसळवते, उसळलेला स्वार भीतीने आणखी आवळतो, आणि या देवघेवीत दोघेही थोड्याच वेळात लाकडासारखे होऊन जातात. रिकिबी नसल्यामुळे माझे पाय टेकू शोधीत होते, हात नकळत मानेवरच्या लगामाकडे जात होते, आणि दोरीच्या त्या टोकाशी उभे असलेले रिसालदारसाहेब काहीच बोलत नव्हते. तीन आठवडे मी अशीच दोरीवर फिरले. चौथ्या आठवड्यात केव्हातरी, दमून गेल्यामुळे असेल, मांड्या सैलावल्या, पाय आपल्या वजनाने खाली लोंबू लागले, पाठीचा मणका मणक्यावर येऊन बसला, आणि मला प्रथमच जाणवले की मांड हा शब्द 'मांडणे' या क्रियापदाजवळचा आहे: फडताळात भांडी जशी एकावर एक, आपापल्या भाराने मांडून ठेवावीत, तसे हे शरीर घोड्याच्या पाठीवर मांडून ठेवायचे असते.

घोडी कुमाईत रंगाची, अंगाने उंच, शर्यतींतून निवृत्त झालेली. तिला रेवा म्हणत. शर्यतीच्या मैदानावर वर्षानुवर्षे एकाच अंगाने वळत धावल्यामुळे तिचे एक अंग लवचीक आणि दुसरे आखडलेले होते. उजवीकडे फिरताना ती वर्तुळ ओढून मोठे करी, डावीकडे फिरताना खांदा आत टाकून ते लहान करी, आणि वीस मीटर व्यासाचे जे वर्तुळ कागदावर कोणीही मूल कंपासने काढील, ते आम्हा दोघींच्या हातून अंड्यासारखे निघे. महिनाभर मी दोष घोडीच्या पदरी घातला. मग एक दिवस रिसालदारसाहेबांनी मला दुसऱ्याच घोड्यावर बसवले, वयाने पोक्त, चालीने सरळ, ज्याच्याविषयी कोणाची तक्रार नव्हती अशा घोड्यावर. आणि पाव घटकेत तोही डावा खांदा आत टाकून चालू लागला. रिसालदारसाहेब म्हणाले, "घोड्यात वाकडं काही नाही, ताई. तुम्ही दिवसभर कागदांवर ज्या अंगाला कलून बसता, त्या अंगाला इथंही कलता. तुमची सही उमटते त्याच्या अंगावर."

ते बोलणे मला लागले, कारण ते अक्षरशः खरे होते. माझा चरितार्थ जुन्या मोडी कागदपत्रांच्या वाचनावर चालतो, आणि डावे कोपर टेबलावर टेकून, डाव्या कुशीवर भार देऊन, उजव्या हाताने नकलून घेण्यात माझी अठरा-वीस वर्षे गेली आहेत. माशी अंगावर बसली तर तेवढीच कातडी थरथरवून तिला उडवून लावणारा हा प्राणी. त्याच्या पाठीवर दोन शेर भार एका बाजूस अधिक पडला तर तो त्याला कळणार नाही, असे मी कसे गृहीत धरले होते? घोडा त्या भाराखाली जाऊन उभा राहू पाहतो, एवढाच त्याचा खांदा आत टाकण्याचा अर्थ. मी ज्याला खोड म्हणत होते, ती त्याची तोल सावरण्याची सेवा होती.

वर्तुळ! या विद्येचा सारा प्रौढ भाग वर्तुळात सामावलेला आहे, हे बाहेरच्याला पटत नाही. त्याला वेग दिसतो, उडी दिसते. मी मात्र त्या वर्षी दफ्तरातून परतले की घरी कोशांची पाने उलटीत बसे. कावा हा शब्द आपण गनिमाच्या युक्तीला लावतो; परंतु जुन्या कोशांत कावा म्हणजे घोडा गोल गोल फिरवणे, आणि 'काव्यावर धरणे' म्हणजे मध्यभागी उभे राहून दोरीने त्याला तसे फिरवणे, रिसालदारसाहेब मला आणि रेवेला धरून करीत होते नेमके तेच. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी मितान्नी राज्यातला किक्कुली नावाचा एक अश्वशिक्षक रथाच्या घोड्यांना महिनोन्‌महिने कशी तालीम द्यावी, किती चारावे, केव्हा न्हाऊ घालावे, किती दौडवावे, हे दिवसवार सांगून गेला; त्याच्या मृत्तिकेच्या पाट्या तुर्कस्थानात बोगाझकोय येथे सापडल्या. भाषा हित्ती, पण फेऱ्यांची नावे पाहावीत तो एकवर्तन, पंझवर्तन, सत्तवर्तन असे आपल्या कानाला ओळखीचे शब्द त्यात बसलेले! वर्तन म्हणजे तिथे वळसा. कौटिल्याने अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात स्वारीच्या घोड्याच्या चाली सांगितल्या आहेत, त्यांत एकीचे नाव धोरण. आणि खुणेसरशी चालणारा जो घोडा, त्याच्या चालीला नारोष्ट्र असे स्वतंत्र नाव. अमरकोशात घोड्याच्या पाच गतींना धारा म्हटले आहे. व्युत्पत्तीचा आग्रह मी धरीत नाही, तो माझा अधिकार नाही; पण ज्या वर्तनाविषयी शाळेच्या प्रगतिपुस्तकात शेरा असतो, आणि जे धोरण सरकारी कागदात पानोपानी आढळते, ते शब्द घोड्याच्या तालमीतही एके काळी रोज उच्चारले जात होते, या विचाराने एके रात्री मला फार वेळ झोप लागली नाही.

आणि याच ठिकाणी माझे जुने दुःख आहे, ते सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ज्या राज्याचा सारा उत्कर्ष घोड्याच्या पाठीवरून झाला, त्याच्या कागदपत्रांत घोडा जागोजाग आहे. सभासदाने लिहून ठेवले आहे की पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तितक्याच घोड्यांस एक पखालजी व एक नालबंद. पेशवे दफ्तराचे रुमाल सोडावेत तर पागेचा झाडा आहे, चंदीची मोईन आहे, नालबंदीच्या रकमा आहेत, घोड्याचा रंग आहे, किंमत आहे. परंतु खेड्यातला कुणब्याचा पोरगा पागेत दाखल झाल्यावर पहिल्या दिवशी त्याला काय सांगितले जाई, त्याच्या रिकिबी कोणी काढून घेत असे काय, भीमथडीच्या आखूड, काटक तट्टाला एका हाताच्या इशाऱ्यावर वळवून दुसरा हात भाल्याला मोकळा ठेवण्याची कला तो किती महिन्यांत शिके आणि कोणाच्या तोंडून शिके, याविषयी मला आजवर एक ओळ सापडलेली नाही. चाबुकस्वार म्हणून एक माणूस पागेत असे, कोरे घोडे फेरून तयार करणे हे त्याचे काम. त्याचे वेतन कागदात दिसते, त्याची विद्या दिसत नाही. जे सर्वांनाच ठाऊक होते ते लिहून ठेवावे असे कोणालाच वाटले नाही, आणि आता ते कोणालाच ठाऊक नाही. आपण घोडा पुतळ्यांत उभा केला. चौकाचौकांत तो पुढचे पाय उचलून उभा आहे. पण ते पाय उचलण्याआधी मागच्या पायांवर भार घ्यायला त्याला कोणी, किती धीराने शिकवले असेल, हा प्रश्न त्या पुतळ्याखालून जाताना कोणाच्या मनात येतो?

फ्रान्समध्ये द ला गेरिनिएरने हे लिहून ठेवले. त्याचा ग्रंथ १७३३ साली निघाला, आणि घोड्याचे खांदे किंचित आत घेऊन त्याला तिरपे चालवण्याची जी रीत त्याने वर्णिली, जिला स्वार आज 'शोल्डर-इन' म्हणतात, ती अजूनही जगभरच्या तालमीचा पाया मानली जाते. व्हिएन्नातल्या जुन्या अश्वशाळेत उमेदवाराला आजही महिनोन्‌महिने दोरीवर, बिनरिकिबीचा बसवतात. त्यांच्या भाग्याचा मला मत्सर वाटत नाही. आपले हरवले याचे वाईट मात्र वाटते. आपल्याकडे कुठे कुठे एखादी तिरीप येते तेवढीच: वरसईच्या गोडसे भटजींनी 'माझा प्रवास'मध्ये झाशीच्या बाईसाहेबांच्या अश्वपरीक्षेची हकीकत सांगितली आहे. दोन देखणे घोडे विक्रीला आले, बाईसाहेब दोन्हींवर बसून आल्या, आणि एकाचे मोल मोठे व दुसऱ्याचे अगदीच क्षुल्लक ठरवले, कारण त्या दुसऱ्याच्या छातीला आतून इजा होती. डोळ्यांना न दिसणारी ती इजा त्यांना बसल्या जागी कळली. ही मांड काय प्रतीची असली पाहिजे, हे तेव्हा वाचताना मला उमगले नव्हते.

उमगू लागले ते 'कोणत्या पायावर' या प्रश्नापासून. दुडकीच्या पुढची, भरधावेच्या अलीकडची जी चाल, जिला आता सर्वजण कँटर म्हणतात, ती तीन ठोक्यांची असते. घोडा डाव्या वर्तुळावर असेल तर प्रथम उजवा मागचा पाय पडतो, मग डावा मागचा आणि उजवा पुढचा जोडीने, शेवटी डावा पुढचा. आणि त्यानंतर एक निमिष चारही पाय अधांतरी असतात. शेवटी पडणारा तो पुढचा पाय वर्तुळाच्या आतल्या बाजूचा असावा लागतो. तो बाहेरचा पडला तर वळणावर घोड्याचा तोल जातो, आणि स्वाराला वाटत राहते की काहीतरी लंगडते आहे. चूक कळायला खाली वाकून खांद्याकडे पाहणे हा सोपा उपाय, आणि तोच मला मना होता. "पाहू नका," ते म्हणत, "पाहिलंत की डोकं खाली, डोक्यामागं खांदा, खांद्यामागं घोडी." मी कँटरवर आले की दहा-बारा पावलांनी त्यांचा प्रश्न येई: "कोणत्या पायावर?" मी अंदाजाने सांगे. निम्म्या वेळा चुके. चुकले की ते रागावत नसत, फक्त 'कदम' म्हणत, आणि आम्ही पुन्हा साध्या चालीवर येऊन पुन्हा आरंभ करीत असू. एका सकाळी असा आरंभ मी किती वेळा केला ते मी मोजले नाही. घोडीच्या मानेचे केस घामाने चिकटले तेव्हा त्यांनीच थांबवले.

पाय ओळखणे ही अर्धी गोष्ट. योग्य पाय मागून घेणे ही पुरी. बाहेरचा मागचा पाय टेकण्याच्या बेतात असतो त्या क्षणी स्वाराची बाहेरची टाच तंगाच्या जराशी मागे स्पर्शली पाहिजे. अगोदर स्पर्शली तर घोडा गोंधळतो, नंतर स्पर्शली तर उशीर झालेला असतो. हा क्षण पाहता येत नाही, ऐकताही नीट येत नाही. तो बैठकीखाली, एका कुशीच्या किंचित खचण्यात आणि दुसरीच्या किंचित उचलण्यात असतो. त्यासाठी रिसालदारसाहेबांनी मला दोन महिने केवळ कदम चालीवर, डोळे मिटून, घोडीचा कोणता मागचा पाय केव्हा पडतो ते मोठ्याने म्हणायला लावले. 'डावा, उजवा, डावा, उजवा.' मैदानाच्या कडेला खरारा करणारा मोतद्दार पोरगा आरंभी चकित होऊन पाहत उभा राही. पुढे तोही माझ्याबरोबर ओठांतल्या ओठांत म्हणू लागला, आणि मला वाटते, माझ्याआधी तो अचूक म्हणू लागला.

महाभारतातल्या नलोपाख्यानाची मला त्या दिवसांत वारंवार आठवण होई. बाहुकाच्या रूपातला नल ऋतुपर्णाचा रथ विदर्भाकडे अशा वेगाने हाकतो की राजाचे उत्तरीय खाली पडते आणि ते उचलून आणा म्हणेपर्यंत रथ योजनभर पुढे गेलेला असतो. वाटेत बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे राजा उभ्या उभ्या मोजून दाखवतो, आणि मग देवघेव ठरते: राजाने अक्षहृदय द्यावे, नलाने अश्वहृदय. ऋतुपर्ण आपली संख्याविद्या तिथल्या तिथे, रस्त्यावरच देऊन टाकतो. पण अश्वहृदय मात्र लगेच न मागता 'ते तूर्त तुझ्यापाशीच ठेव म्हणून राहू दे' असे सांगतो. लहानपणी मला यात केवळ प्रवासाची घाई दिसली होती. आता वाटते, त्या कथाकाराला घोडे ठाऊक होते. मोजण्याची विद्या वाटेवर उभ्या उभ्या हाती देता येते, ही दुसरी तशी देता येत नाही. ती ज्याच्यापाशी आहे त्याच्यापाशी ठेव म्हणून ठेवून, आपण त्याच्या दाराशी दीर्घकाळ ये-जा करीत राहावे लागते.

पुढल्या वर्षी २०२३ च्या आशियाई स्पर्धांत, चीनमधील हांगचौ येथे, घोड्याच्या तालमीची जी परीक्षा ड्रेसाज नावाने घेतात, तिच्यात भारताच्या चमूने सुवर्णपदक मिळवले. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, अनुष अगरवाला आणि मुंबईचा हृदय छेडा. अश्वक्रीडांत १९८२ नंतर, म्हणजे ४१ वर्षांनी आलेले ते सुवर्ण. वर्तमानपत्रांनी पदक छापले, हे योग्यच झाले. मी त्या स्वारांच्या हातांकडे पाहत बसले होते. एवढे मोठे जनावर त्यांच्याखाली दर काही पावलांनी पाय बदलीत होते, आणि हात जणू पाण्याने काठोकाठ भरलेला पेला धरल्यासारखे स्थिर होते. चारही पाय अधांतरी असताना, त्या एका निमिषात, पुढच्या पावलाचा पाय बदलून मागायचा, हे ते करीत होते. रिसालदारसाहेबांनी मोबाइलवर ते दृश्य दोनदा पाहिले, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, "पोरं बसायला शिकलीत."

मला पायांचा तो पालट एकदाच, माघातल्या एका सकाळी लाभला. डाव्या वर्तुळातून उजव्यात जाताना, दोन्ही वर्तुळे जिथे एकमेकांना स्पर्श करतात तिथे, साध्या चालीवर येऊन पुन्हा आरंभ करायचा असा त्या दिवसाचा पाठ होता. मी उजवीकडे जाण्याचा केवळ विचार केला. निदान मला तरी तसेच वाटते, कारण हाताने वा टाचेने काही केल्याचे मला स्मरत नाही. रेवेने तो विचार कुठून वाचला कोण जाणे, माझ्या कमरेच्या एखाद्या केसभर वळण्यातून वाचला असेल; परंतु एक ठोका चुकावा तसे काही खाली घडले, माझी उजवी कुशी पुढे वाहवत गेली, आणि आम्ही उजव्या वर्तुळावर होतो. "कोणत्या पायावर?" प्रश्न आला. "उजव्या," मी म्हणाले, आणि तो अंदाज नव्हता. रिसालदारसाहेब काही बोलले नाहीत. त्यांनी दोन बोटे वर केली, म्हणजे पुरे. घोडीला लगेच थांबवायचे, खोगीर तिथेच उतरवायचे आणि तिला हाताने चालवत थानावर न्यायचे.

आषाढात ते नेमाने वारीला जातात. त्या वर्षी मी त्यांच्याबरोबर सदाशिवनगरजवळ पुरंदावडे येथे गोल रिंगणाला गेले. लाखांनी माणसे जमली होती. मध्ये माउलींची पालखी, तिच्याभोवती टाळकरी, पताका, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया, आणि या सर्वांमधून आखून मोकळी ठेवलेली ती वर्तुळाकार वाट. प्रथम पताका हाती घेतलेल्या स्वाराचा घोडा धावला. मागून माउलींचा अश्व आला, अंकलीच्या शितोळे सरकारांकडून परंपरेने येणारा, ज्याच्या पाठीवर कोणीही बसत नाही, कारण ती जागा माउलींची. लगाम धरणारा हात नाही, टाच नाही, कुशीचा भार नाही. तो घोडा वर्तुळात शिरला, कान पुढे, मान वळणाच्या दिशेने किंचित वाकलेली, पाठ मोकळी, आणि पहिल्याच उडीला त्याने आतला पाय पुढे टाकला. जे मला दोन वर्षांत एकदाच मिळाले होते ते तो कोणीही न मागता, फेरीमागून फेरी देत होता. लोकांचा गजर टिपेला पोचला होता. मी रिसालदारसाहेबांकडे वळले. ते माझ्याचकडे पाहत होते, आणि गजरात शब्द ऐकू आले नाहीत तरी ओठांवरून मला कळले की ते काय विचारीत आहेत.

मी उत्तर देण्याच्या आत घोडा समोरून निघून गेला, गर्दी वाट मोडून आत धावली, आणि ते खाली वाकले. टापांनी उखडलेली मूठभर माती त्यांनी उचलली, आपल्या कपाळाला लावली, आणि उरलेली माझ्या तळहातावर ठेवली.